न कापणारी डॉक्टरीण

ये पोरी, जवळ सरक. तू नागपुरात अन् मी इथी, तरी सरक. मी लिहून राह्यली म्हणजे तू माझ्यापुढं बसली आहे, असंच मी धरून चालते. अन् आधी दोन शब्द ऐकून घे. परवा फोनवर नाक ओढून ओढून बोलत होती, अन् वरून म्हणे, सर्दी झाली आजी. मले सर्दी समजते अन् रडणंही समजते. इतकी डॉक्टर झाली, पण आजीशी खोटं बोलणं काई तुले जमलं नाई अजून.

मंग तुझ्या बापानं सांगतलं सारं. तुले बायांचंच काम करायचं आहे. बाळंतपण, पाळी, अंगावरून जाणं, त्याच्यात तुझा जीव लागते. पण ऑपरेशन आवडत नाई. पोट उघडलं की तुले वाटते, आपण इथून निघून जावं. तुझे सर म्हणाले, कापायचं नसन तर बायांच्या डॉक्टरकीत येऊच नोको, चामडीच्या रोगाचं घे, नाईतर सोनोग्राफीचं घे. बाप म्हणते घेऊन टाक, आवड मागून येते. विषय कोणता ते सांगायले थोडेच दिवस राह्यले, अन् तू खोलीत बसून रडून राह्यली.

मी तर चवथीतून उठली, पुढचं वाचणं-लिहिणं आपलं आपणच केलं. मी तुले काय शिकवणार. पण ऑपरेशन न आवडणारी एक बायांची डॉक्टरीण माझ्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. तू लहान होती, तुले तिचा बशीतला गार चहा आठवत असन. चहा ओतून ठेवे अन् विसरे, मंग तासाभरानं गारच पिऊन टाके अन् म्हणे, छान झाला मावशी. तिचं सांगते. मले सारं ओळीनं सांगता येत नाई, गुडघे दुखतात अन् डोक्सं इकडंतिकडं जाते, पण ऐक.

ती आली तवा गावानं ठरवूनच टाकलं, की हिले शिक्षा म्हणून पाठवली. आपल्या गावचा दवाखाना तुले माहीत आहे, आरमोरी सोडून जंगलाकडं वळलं की लागते तो. ऑपरेशनचं थेटर बांधलेलं होतं, टेबल होता, दिवा होता. पण भूल देणारा डॉक्टर कधी टिकला नाई, म्हणून थेटरले कुलूप. त्या कुलपापायी बायांचे डॉक्टर इथी येत नसत, आले तरी लवकरच बदली करून घेत. अन् ही साताऱ्याकडची, मोठ्या शहरात शिकलेली, आपण होऊन हे गाव मागून आली. मी एक दिवस विचारलंच, बाई, इतक्या जागा सोडून इथीच काऊन?

म्हणाली, "मावशी, इथल्या थेटरला कुलूप आहे असं कळलं, म्हणून आले."

मले वाटलं गंमत करून राह्यली. गंमत नोती ती.

खुर्चीवर ती बसतच नसे. खुर्ची पेशंटले, अन् आपण एका बुटक्या स्टुलावर, गाय दोहायले बसावं तशी. आलेली बाई वर, डॉक्टरीण खाली. नव्या बाया घाबरून उभ्याच राहत. ती म्हणे, बसा हो, मला वर बघून ऐकायची सवय आहे. अन् पहिला प्रश्न काय, तर कुठी दुखते हे नाई. काल रात्री कोणाच्या नंतर जेवलात? बाया एकमेकींकडं पाहत. मंग सांगत, सासऱ्याच्या नंतर, नवऱ्याच्या नंतर, पोरांच्या नंतर. उरलं होतं का? इथी येऊन बाई चूप झाली, की डॉक्टरीण रक्त वाढायच्या गोळ्या लिहायले घे. सोबत आलेल्या सासूले मात्र ती कधी रागवली नाई. तिलेही तेच विचारे, कोणाच्या नंतर जेवता? बहुतेक सासवा सुनेच्याही नंतरच जेवलेल्या निघत.

दुपारी तपासायच्या टेबलावरच डोक्यावरून चादर घेऊन झोपे. एकदा एक म्हातारा सुनेले घेऊन आला, दार लोटलं, चादरीखाली सरळ पडलेलं माणूस पाह्यलं, अन् हात जोडून बाहेर आला. सुनेले म्हणे चाल वो, आत माती झाली आहे, आज दवाखाना बंद. बाईले जाग आली, ती तशीच चादर अंगावर घेऊन त्यांच्या मागं निघाली, तवा तर म्हातारा आणखीच जोरात पळाला. सून मात्र थांबली. हसता हसता तिचं दुखणं तिथंच रस्त्यावर सांगून झालं.

आता गावात हे पसरलं, की ही डॉक्टरीण चाकूले भेते. न कापणारी डॉक्टरीण, असंच नाव पडलं तिचं. शेजारची मले म्हणे, तुझी भाडेकरू कांदाही हातानंच फोडत असन. मीही तसंच धरून चालली होती. मंग एक दिवस घरी मोठी मासोळी आली अन् माझ्या बोटाले लागलेलं होतं. बाईनं विळा पायाखाली घेतला अन् कापायले बसली. पोरी, मी इतकी वर्षं मासोळी कापून राह्यली, पण तसा हात मी पाह्यला नाई. खवले काढले, पोट उघडलं, कडू पित्ताची पिशवी न फुटता सबंध बाहेर. तुकडे असे, की एक लहान नाई अन् एक मोठा नाई.

मी म्हटलं, बाई, हात तर सोन्यासारखा आहे, मंग लोकं असं काऊन म्हणतात?

"हाताचं काही नाही मावशी. मासोळी मेलेली असते. तिला उद्या धानाच्या रोवणीला जायचं नसतं."

मंग तिनं सांगतलं, की शिकताना ऑपरेशनं पुष्कळ केली, चांगली केली, सरांनी पाठ थोपटली. पण एकदाही मन लागलं नाई. टेबलावर झोपवलेली बाई बोलत नाई, अन् हिले बोलणाऱ्या बाया पाहिजेत. इतकंच. याच्यापेक्षा मोठं कारण मले कधी सांगतलं नाई, अन् मीही खोदून विचारलं नाई.

माझा बाप जंगलखात्याच्या नाक्यावर होता, म्हणून मले लहानपणापासून गोंडी येते. बाईले येत नोती. म्हणून ती आतल्या गावाले गेली की मले जीपमध्ये घालून ने. तिकडं गावाबाहेर कुरमाघर असते, तुले माहीत आहे. पाळी आली की बाईनं तिथं जाऊन राहायचं, घरचं कोणी जवळ येत नाई, जेवण दुरून ठेवतात. बुटकी झोपडी, वाकून आत जावं लागते, पावसात गळते. कितीक लोकं येऊन फोटो काढून गेले, भाषणं देऊन गेले. ही गेली अन् दारातल्या मोहाच्या सावलीत बसली. म्हणे, मावशी, इथं बायांना वेळ आहे, अन् ऐकायला सासू नाही न् नवरा नाही. माझी ओपीडी इथंच.

अन् खरंच, दवाखान्यात ज्या बाया तोंड उघडत नसत, त्या तिथं धडाधडा बोलत. मी एका तोंडानं किती सांगणार, मले दम लागे.

पण पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. आम्ही उठून गावात जायले निघालो, तर गायता आडवा आला. गायता म्हणजे गावच्या देवाचं पाहणारा म्हातारा. म्हणे, कुरम्यातल्या बायांजवळ बसली, त्यांले हात लावला, आता ही बाईही कुरम्यातली. विहिरीकडं यायचं नाई, गावातून जायचं नाई. मी म्हटलं, भाऊ, तिच्या डोक्याचे पांढरे केस पाहा, तिची पाळी जाऊन जमाना झाला. तो म्हणे, केसाचं मले नोको सांगू, बसली कुठी ते सांग. झोपडीतल्या बाया पोट धरून हसून राह्यल्या.

बाई काई वाद घालत बसली नाई. चप्पल हातात घेतली अन् धुऱ्याधुऱ्यानं, साऱ्या बांध्यांच्या कडेनं, गावाले वळसा घालून जीपकडं चालू लागली. मागून मी. त्याच्या नंतर दर खेपेले असंच. चिखल असो, ऊन असो. मी कुरकुर केली की म्हणे, नियम त्यांचा आहे, बोलणं माझं आहे. वळसा घेतला तर दोन्ही राहतं.

त्या झोपडीत रैनी भेटली. दोन पोरांची आई, हाडाची बाई, बोलणं तिखट. महिन्यातले कितीक दिवस तिले अंगावरून जाये, म्हणून कुरम्यातून तिची सुटका लवकर होत नसे. ऐन रोवणीत ती झोपडीत, अन् वावर दुसऱ्याच्या भरवशावर. तिनं बाईले पाह्यलं अन् सरळच सांगतलं. मराठी येत होती तिले मोडकी, म्हणून मधे मी नाई लागली.

"पोरं झाली दोन. आता ही पिशवी कायच्या कामाची? काढून टाक. न पाळी, न कुरमा. मी आपली वावरात जातो."

आता हे ती एकटीच म्हणत नोती. आपल्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालं आहे, तू तर पाहतेच. तिशीतल्या बाया बल्लारपूर, चंद्रपूरकडं जाऊन कुठी कुठी काढून येतात, अन् मंग वर्षभरात कंबर धरून बसतात. बाईनं रैनीले झोपडीतच तपासलं, मंग दवाखान्यात बोलावून सोनोग्राफी केली. गाठ नाई, वाईट काई नाई. रक्त मात्र अर्धं.

बाई स्टुलावर, रैनी खुर्चीवर. बाई म्हणाली, "रैनी, तुझ्या पिशवीला काही झालेलं नाही. हे झोपडीचं दुखणं आहे. त्यासाठी तुझं पोट कसं कापू?"

रैनी उठून उभी राह्यली. म्हणे, झोपडी तुले काढता येत नाई अन् पिशवीही काढता येत नाई, मंग डॉक्टर कायची? माझा भाचा बल्लारपूरच्या कारखान्यात आहे, तो करून देईन. अन् गेली.

त्या दिवशी बाई भात वाढला तर बोटानं इकडून तिकडं करत होती. मी म्हटलं जाऊ द्या बाई, तिचं पोट तिची पिशवी. म्हणे, तिचंच आहे मावशी, म्हणून तर जीवावर येतं. दुसऱ्या दिवशी जीप नोती, तर एसटीनं अन् मंग पायी, आम्ही दोघी रैनीच्या गावाले. बाईनं इतकंच मागितलं, की धान कापेपर्यंत थांब. या गोळ्या घे. नाही फरक पडला, तर मी स्वतः चिठ्ठी देऊन चांगल्या ठिकाणी पाठवते. रैनी तोंड फिरवून बसली, पण गोळ्या पदरात बांधल्या तिनं.

दर महिन्याले बाई जाये. रैनीले विचारे, कसं आहे? रैनी म्हणे, गोळी कडू हाये. एवढंच. रक्त थांबलं का, कमी झालं का, एक शब्द नाई. पण कुरम्यात तिचे दिवस इतर बायांएवढेच होऊ लागले, हे आम्ही डोळ्यानं पाहत होतो. धान कापून घरात आलं अन् रैनीनं बल्लारपूरचं नाव काढलं नाई. पुढं बाईनं गोळ्याही बंद केल्या.

अन् मंग थेटरचं कुलूप निघालं.

नागपूरहून भूल देणारा एक तरुण डॉक्टर आला, हसतमुख. दवाखान्याले नवे साहेब आले, त्यांनी थेटर धुवून रंगवून घेतलं. साऱ्या गावाले आनंद झाला, अन् माझी डॉक्टरीण वाळत चालली. साहेबांनी सांगतलं, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, आता बायांची ऑपरेशनं सुरू करा, लोकं बाहेर काऊन जातील? खोटं काई बोलले नाई ते. बाई मले म्हणाली, मी बदली मागते मावशी, आणखी आत, जिथं थेटर नाही तिथं. मी म्हटलं, किती आत जाशीन? पुढं नदी आहे. हसली नाई. तीन-चार कपडे काढून पेटीत घालत होती अन् पुन्हा बाहेर काढत होती.

बदलीचं ठरायच्या आत पाऊस लागला. नदी पुलावरून चालली, गडचिरोलीचा रस्ता बंद. मी भर दुपारी तिचा डबा घेऊन दवाखान्यात गेली, तर पायऱ्यांवर खाट. खाटेवर रैनी, अन् खाटेले धरून तिचा नवरा अन् गावची माणसं, कमरेपर्यंत चिखल. रैनीचा रंग धुतलेल्या फडक्यासारखा. नवरा सांगे, सकाळी रोवणीसाठी धानाचे परे उपटताना पोट धरून खाली बसली. महिना चुकला होता म्हणे.

बाईनं डोळ्याची पापणी ओढून पाह्यली, पोटावर हात ठेवला, सुई टाकून पाह्यलं. सुईत रक्त आलं. तुले मी काय सांगू, तू ओळखलं असन, गर्भ पिशवीत न राहता नळीत राह्यला अन् नळी फुटली. गाडी होती, रस्ता नोता. भूल देणारा डॉक्टर बाईकडं पाहून राह्यला, नवरा माझ्याकडं.

मी त्या वेळेले तिचं तोंड पाह्यलं पोरी, म्हणून हे सारं लिहून राह्यली. तिथं हिंमत बिंमत काई दिसली नाई मले. दिसला तो कंटाळा. भरल्या पोटी कोणी आणखी ताट वाढावं तसं तोंड. अन् त्याच तोंडानं तिनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, नवऱ्याले बाजूले घेऊन साऱ्या गोष्टी सांगतल्या, अंगठा घेतला. मंग मले म्हणाली, "हिला गोंडीत सांगा, मी पोट कापणार आहे. आज थांबायला सांगत नाही म्हणावं."

मी रैनीच्या कानात सांगतलं. तिनं डोळे उघडले नाई.

मी बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. नवरा पावसातच उभा. सिस्टर दोनदा रक्ताच्या बाटलीसाठी धावत गेली. मंग बऱ्याच वेळानं भूल देणारा बाहेर आला, त्याचं हसू परत आलेलं होतं. म्हणे, आजी, या बाई इतके दिवस कुठं लपून होत्या? असा हात मी नागपुरातही पाह्यला नाई.

बाई मागच्या पायरीवर जाऊन बसली होती. हात मांडीवर उलटे ठेवलेले, कोणाचे तरी आणून ठेवल्यासारखे. मी डबा उघडला. गार भात, जवसाची चटणी. तिनं दोन घास खाल्ले.

"वाचली," म्हणाली. "नळी काढली. पिशवी तशीच आहे." मंग डबा बाजूले सरकवून, "मावशी, मला वाटलं होतं एखाद्या दिवशी आवडेल. नाही आवडलं. हे मला कधीच आवडणार नाही."

मी म्हटलं, मंग कसं केलंत?

"शिकले होते. आणि रस्ता बंद होता."

रैनी आठवडाभर दवाखान्यात होती. उठून बसायले लागली तशी तिची जीभही उठून बसली. बाई टाके पाहायले गेली तर म्हणे, "तवा कापून मागितलं तर कापलं नाई. आता न विचारता कापलं. तुझं उलटंच हाये सारं."

बाई म्हणाली, तेव्हा गरज नव्हती, आता होती. रैनी म्हणे, अन् पिशवी? बाई म्हणे, तुझ्याजवळच आहे, सांभाळ. तवा रैनी पहिल्यांदा हसली, अन् टाके ओढले म्हणून तिथंच शिव्या दिल्या.

घरी सोडायच्या दिवशी बाई तिच्यासोबत गावाले गेली अन् गायत्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, हिच्या पोटाला टाके आहेत. ही वाकून आत जाणार नाही अन् ओलीत झोपणार नाही. नियम तुमचा, पण टाके माझे. पुढच्या महिन्याले आम्ही गेलो तर कुरमाघराचं दार उंच झालेलं, वर नवीन पत्रे, खाली फरशी. झोपडी गेली नाई पोरी. पण ताठ मानेनं आत जाता येत होतं. आम्ही मात्र वळसा घालूनच जीपकडं.

तुले वाटत असन, इथी गोष्ट संपली. नाई. तिथून तिचे खरे थकायचे दिवस सुरू झाले. न कापणारी आता कापते, हे चहूकडं झालं, अन् जिकडून तिकडून बाया, पिशवी काढून दे. साहेबही म्हणत, करा. ती बुटक्या स्टुलावर बसून एकेकीले नाई म्हणे, समजावून, हात धरून, पुन्हा नाई. नाई म्हणायले किती ताकद लागते, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाह्यलं. कापून टाकलं असतं तर अर्ध्या तासात मोकळी झाली असती. ज्या बाईले खरंच लागे, गाठ मोठी आहे, रस्ता नाई, तिचं ती आपल्या हातानं करे. त्या दिवशी जेवत नसे. चहा गार करून ठेवे अन् पीतही नसे. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, काल कोणाच्या नंतर जेवलात?

बदली तिनं मंग मागितलीच नाई. नोकरी संपेस्तोवर इथीच राह्यली. आता तिकडं सिरोंच्याले भाड्याच्या घरात आहे. तिकडच्या बाया तेलुगू बोलतात, म्हणून म्हातारपणी तेलुगू शिकून राह्यली. फोनवर मले दोन वाक्यं ऐकवते, मले समजत नाई अन् तिलेही फारसं समजत नसन.

मी तिले तुझं सांगतलं. रागावू नोको, सांगतलं. म्हटलं, नातीले आवडत नाई, काय करावं? ती म्हणाली, "आवडत नाही हे ठीक आहे. येत नाही हे चालणार नाही. ते तिनं ठरवावं." अन् तेलुगूत काईतरी म्हणून फोन ठेवला.

आता तू ठरव. बाप म्हणते आवड येते, ते खोटं आहे, मी पाह्यलं आहे, नाई येत. सर म्हणतात आवडत नसन तर येऊ नोको, तेही मले पटत नाई. चामडीचं घेतलं तरी मी काई म्हणणार नाई, माझ्या पायाले खाज आहेच. पण सांगायच्या आधी एकदा घरी ये. पुढच्या हप्त्यात माझी डॉक्टरीण इथी येणार आहे, समोरची खोली झाडून ठेवली, बुटकं स्टूलही आहे. मी सकाळी बाजारातून मोठी मासोळी आणून ठेवीन. विळा तुझ्या पायाखाली देईन, अन् आम्ही दोघी म्हाताऱ्या समोर बसून नुसत्या पाहू. हात अडते की मन अडते, ते तुलेच दिसन. ये लवकर, मासोळी शिळी होऊ देऊ नोको.